अकरा हजारांचा इसार

या सगळ्या प्रकरणाला जबाबदार दोन जर्मन म्हातारे आहेत. त्यातला एक म्हातारा होता आणि दुसरी म्हातारी, पण दोघांच्या चड्ड्या एकाच ताग्यातल्या असल्यामुळे ते मला जरा उशिरा कळलं.

गेल्या डिसेंबरात आम्ही गोव्याला गेलो होतो. कोल्हापूरचा माणूस गोव्याला का जातो, हे चारचौघांत विचारायची पद्धत नाही. पण माझ्याबरोबर सौभाग्यवती आणि त्यांच्या मातोश्री अशा दोघीही होत्या, एवढं सांगितलं की गैरसमज व्हायला जागा उरत नाही. आगोंदच्या किनाऱ्याजवळ माडांच्या सावलीत एक ट्रक उभा होता. आपला ऊस वाहणारा नव्हे. माझ्या छातीला लागतील एवढी चाकं, त्यावर पांढरी पेटी, पेटीला खिडक्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. दाराला लावलेल्या शिडीवर बसून तो म्हातारा बटाटे सोलत होता. मी ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं, 'कुठून आलात?' तो म्हणाला, 'जर्मनी.' 'विमानानं?' त्यानं हातातली सुरी ट्रकच्या पत्र्यावर टकटक वाजवली आणि पुढचा बटाटा घेतला.

वय विचारलं. त्र्याहत्तर.

मी तिथंच वाळूत हिशेब केला. माझं अठ्ठावन्न. म्हणजे पंधरा वर्षं हातात. मे महिन्यात सहकारी बँकेतून निवृत्त झालेलो, गुडघे शाबूत, फंड नुकताच जमा झालेला. फंड मिळालेल्या नोकरदाराला आणि उसाचं बिल मिळालेल्या शेतकऱ्याला महिनाभर एकटं सोडू नये, असं आमचे वडील म्हणायचे. मला तर सात महिने सोडलं होतं.

गोव्याहून परतताना आंबोली घाटात मी जाहीर केलं, "आपण घर घेतोय. चाकावरचं."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "उलटी होतीया, गाडी थांबवा."

हा पहिला अभिप्राय.

आता नव्या गाडीचा प्रश्नच नव्हता. फंड सहकारी बँकेतला होता, कारखान्याच्या चेअरमनचा नव्हे. तेव्हा जुनी. आणि साधी जुनी नाही, तर चारही चाकं ओढणारी, डोंगरात जाणारी. डोंगरात जाऊन मी काय करणार होतो, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पन्हाळ्याला जाताना मी आजवर तीनदा 'परत फिरू या का' म्हटलंय.

आमच्या मंगळवार पेठेत एखादी गोष्ट गुपित ठेवायची असेल तर ती मनातसुद्धा हळू बोलावी लागते. मी फक्त मेव्हण्याला सांगितलं. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर विषय सुरू झालेला होता आणि दोन गटही पडलेले होते. कोल्हापूरचा एक स्वभाव आहे. पैसे दुसऱ्याचे असतील तर सल्ला एकच: 'घेऊन टाक.' मग ती म्हैस असो, प्लॉट असो, नाहीतर विमान.

"घे की लेका! शाहू महाराज घोड्यांच्या खडखड्यात बसून सगळा मुलूख फिरलं. तवा कुठं रस्तं हुतं?"

"महाराजांनी खडखडा जुना घेतला नव्हता," मी क्षीण आवाजात.

"जुन्याचं काय घेऊन बसलाईस? दसरा चौकात दसऱ्याला मेबॅक गाडी येती. तुझ्या बाच्या वयाची हाय. मर्दा, सगळं गाव उभं राहून बघतंय तिला!"

इथं मी फसलो. सगळं गाव उभं राहून बघतंय, हे चित्र डोक्यात बसलं. पुढं सात महिने मी मायलेज, टायर, इंजिन असलं काय काय बोलत होतो, पण आत हेच चित्र होतं: मी गल्लीतून निघालोय, आणि दोन्ही बाजूंना माणसं म्हणतायत, कुणाची रं ही?

मेव्हणा तर पेटलाच. तो काही कामधंदा करतो असं घरात मानलं जातं. त्यानं मोबाईलवरून माहितीचा धुरळा उडवला. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. त्याही आधी, १९५७ साली, लंडनहून कलकत्त्यापर्यंत एक बस आली होती, तिकीट ८५ पौंड. "दाजी, लंडनवरनं लोक कलकत्त्याला आलं, आणि तुम्ही गगनबावड्याला जायचं म्हटलं की दोन दिवस आधी पोट बिघडवून घेताय."

घरी मात्र मुद्दे मांडावे लागतात. मी पुराचा मुद्दा काढला. कोल्हापूरकराला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला नदीनं दोन्ही आकडे कुठल्या कुठं मागं टाकले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहराचं बेट झालं. "अशा वेळी उंच गाडी, आत गॅस, अंथरूण..."

सौ. भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "आपल्या गल्लीत पाणी चढलं तर गाडी पुरायची न्हाई. मत्स्यावतार लागंल."

मग मी पैशाचा मुद्दा काढला, आणि तो मात्र माझ्यावरच उलटला. बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे मला खोटा हिशेब करता येत नाही, फक्त चुकीचा करता येतो. नऊ लाखाची गाडी. लॉजची खोली अडीच हजार धरली तर तेवढ्यात ३६० रात्री निघतात. आता लग्नापासून आजवर मी घराबाहेर किती रात्री झोपलो? आम्ही दोघांनी बसून आठवल्या. ६१. त्यातल्या ४० सासुरवाडीला, ११ दवाखान्यात. उरल्या दहा. त्यातल्या तीन परवाच्या गोव्याच्या, आणि त्यातल्याही एका रात्री मी उशी बदलली म्हणून जागा होतो.

"मग ३६० रात्री कुठं झोपणार आहे तुम्ही?" सौ.नी विचारलं.

आई कोपऱ्यात माळ ओढत होती. तिचं वय ब्याऐंशी. ती म्हणाली, "आम्ही सौंदत्तीला बैलगाडीनं जायचो. गाडीला छत हुतं, खाली कंदील, मागं चारा, आत पीठमीठ. शेतात गाडी सोडायची, तीन दगडं मांडायची, झालं घर. तुझ्या त्या गाडीत येगळं काय हाय?"

"संडास आहे, आई."

आईनं माळ थांबवली. "घरात?"

जानेवारी ते जून मी गाड्या बघितल्या. पहिली निपाणीची. तिचा नंबर केए २३, म्हणजे कर्नाटकातून ना-हरकत आणायची आणि इकडं पुन्हा कर भरायचा. ते ऐकूनच मी चहा पिऊन परत आलो. दुसरी सांगलीकडची, फिरता दवाखाना होती म्हणे. आत अजून औषधाचा वास होता आणि एका कपाटावर 'जुलाब' असं लिहिलेलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे खोडायला लागणार न्हाई, तुम्हाला उपयोगी हाय." तिसऱ्या गाडीत कोंबड्या होत्या. मालक म्हणाला, गाडी विकली की काढतो. कोंबड्यांच्या चेहऱ्यावर मात्र तसलं काही दिसत नव्हतं.

चौथी हातकणंगले तालुक्यात, वारणाकाठच्या एका मळ्यात. आणि तिला बघताच माझा जीव तिच्यात अडकला.

खरं तर ती जीप होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीची यात काही चूक नाही. कंपनीनं तिला जीप म्हणूनच जन्माला घातली होती. पुढं काही वर्षं तिनं वडाप केलं. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर वडाप म्हणजे नऊ माणसांच्या गाडीत एकोणीस माणसं घालून, विसाव्याला 'मागं सरका की' म्हणायची कला. वडापमधून निवृत्त झाल्यावर कुणा हौशी माणसानं तिच्या पाठीवर पत्र्याची खोली बांधली, छताला खिडकी पाडली, पंप बसवला, आणि तिला ऑलिव्ह हिरवा रंग दिला. मागं लिहिलं होतं, 'नाद करायचा न्हाय'. तो इशारा होता हे मला पुढं कळलं.

मालक धोतर, मळकं पागोटं, मिशा, आणि गोठ्यात अकरा म्हशी. जनावरांच्या बाजारात त्याची उठबस असावी, कारण त्यानं गाडी दाखवली ती जनावर दाखवावं तशीच. बोनेटवर थाप मारली. "अंगानं सुटसुटीत. खाणं बेताचं. लाथ मारणार न्हाई. बघा फिरवून."

मी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं ओतता ओतता गावाची पिढी मोठी झाली. तिथला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून मालकाची उधारी सांगतो. मिस्त्रींनी गाडीखाली अंग टाकलं. बराच वेळ फक्त पाय दिसत होते. मधूनच आतून 'अरारारा' असा आवाज यायचा. मी वाकून विचारायचो, "काय झालं?" मिस्त्री म्हणायचे, "काय न्हाई."

मीही तयारीनं गेलो होतो. पत्र्यावर पुट्टी मारलीय का हे ओळखायला चुंबक लावून बघतात, असं मेव्हण्यानं सांगितलं होतं. आमच्याकडं चुंबक एकच, फ्रीजवरचा तिरुपती बालाजी. तो मी दाराला लावला. घसरला. मागच्या बाजूला लावला. पडला. छतापर्यंत सगळीकडं लावून झालं, पण बालाजी कुठंच थांबेना. शेवटी एका जागी घट्ट बसला. मी आनंदानं ओरडलो, "इथं आहे पत्रा!"

"ती सायकल हाय, पाव्हणं," मालक म्हणाला. त्याच्या पोराची सायकल गाडीला टेकून उभी होती.

मिस्त्री बाहेर आले, हात पुसले. निकाल असा: पाटे एका बाजूला बसलेत, इंजिन ऑइल मारतंय, स्टेअरिंगला 'जरा लोकशाही' आहे, पुढच्या चाकांना ताकद देणारा लिव्हर पडतो पण ताकद जाते का ते रस्त्यावर कळेल, आणि पत्रा ज्यानं मारला त्यानं पुट्टीचा धंदा वेगळा काढावा. "पण गाडी घ्यायची का नको?" "ते तुम्ही ठरवा. मन बसलंय नव्हं? मग मी कशाला बोलू?" मिस्त्री, डॉक्टर आणि ज्योतिषी ही माणसं एकाच शाळेत शिकतात.

आतली रचना मालकानं स्वतः दाखवली. हा पलंग. पलंग उचलला की टाकी. टाकीवर शेगडी. शेगडीशेजारी हे झाकण. झाकण उघडलं.

"हा संडास?" सौ.नी पदर नाकाला लावला. त्या 'मी येतो, पण ठरवून सांगतो, झोपत न्हाई त्यात' या अटीवर आल्या होत्या. (कोल्हापुरात बायकाही 'येतो' म्हणतात. आमच्या घरात निर्णय कोण घेतं हे त्यामुळं व्याकरणातच ठरून गेलंय.) "आणि चुलीच्या शेजारी?"

"हात लांब करायला लागत न्हाई," मालक म्हणाला.

"भरला की रिकामा कुठं करायचा?"

मालकानं लांब उसाच्या फडाकडं बघितलं. मग मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हणा मोबाईल बघायला लागला.

सौ. त्यानंतर गाडीकडं वळल्याच नाहीत. त्या गोठ्याकडं गेल्या. मी मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, आणि काचेतून मला मळा दिसायचा बंद झाला. थेट इराण दिसायला लागला.

सौद्याचं ऐका. मालक म्हणाला, हात द्या. त्यानं खांद्यावरचं टॉवेल माझ्या हातावर टाकलं आणि आत माझी बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव असा ठरतो हे मी ऐकून होतो. पण बँकेत आम्ही व्हाउचर लिहायचो, बोटं धरत नव्हतो. त्यानं माझी चार बोटं दाबली. आता उत्तर काय द्यायचं? मी घाबरून त्याचा सगळा पंजा घट्ट धरला, हस्तांदोलन केल्यासारखा. त्याच्या मिशा हलल्या. पुन्हा चार. मी पुन्हा पंजा, आणखी जोरात. त्यानं टॉवेल काढलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "दिलदार माणूस!"

गाडीत बसल्यावर मेव्हण्यानं उलगडा केला. "दाजी, तो नऊ लाखातनं चाळीस हजार कमी करत हुता. तुम्ही पन्नास वाढवून दिलं. दोनदा."

त्याच भरात मी अकरा हजारांचा इसार देऊन बसलो होतो. पावती नाही. मालक म्हणाला होता, "पाव्हण्यांत कसली पावती?" चौतीस वर्षं मी पावतीशिवाय कुणाला टाचणी दिली नव्हती.

मग आरटीओचं काम करणाऱ्या एका एजंटाकडं कागद दाखवायला गेलो. त्यानं आरसी बुक बघितलं, माझ्या मोबाईलमधला फोटो बघितला, पुन्हा आरसी बुक बघितलं.

"काका, कागदावर जीप हाय. फोटोत बंगला हाय."

"त्यात काय?"

"मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं दिली तशी गाडी ठेवायची. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. आता एक तर कागदावर बंगला चढवा, न्हाईतर गाडीवरनं बंगला उतरवा. आणि पंधरा वर्षं झाल्यात, फेरनोंदणी आली, हरित कर आला." मग त्यानं आवाज खाली आणला. "एक विचारू? फक्त उभी करून ठेवायची असली तर काहीच लागत न्हाई."

तरीही माझं मन मोडेना. इसार दिला की माणसाची बुद्धी इसाराच्या बाजूनं वकिली करायला लागते. मी म्हटलं, एकदा चालवून तरी बघू. जुलैचा पहिला आठवडा, पावसानं जरा उघडीप दिलेली. मालक हो म्हणाला. आमचं रस्सा मंडळही हो म्हणालं, खरं तर त्यांना मी विचारलंच नव्हतं.

परगावच्या माणसाला रस्सा मंडळ समजावून सांगणं अवघड आहे. त्याला घटना नाही, अध्यक्ष नाही, फक्त पातेलं आहे. कुणाचं काही बरं झालं, वाईट झालं, किंवा काहीच झालं नाही, तर मटण आणून शेतात शिजवायचं. सकाळी नऊ वाजता त्या चार माणसांच्या गाडीत आम्ही सौ.सकट अकरा जण चढलो. गाडीला वडापचे दिवस आठवले असावेत. ती लगेच सुरू झाली.

नदीकाठापर्यंत सगळं स्वप्नवत. रस्त्यावरची माणसं खरोखर उभी राहून बघत होती. एका म्हातारीनं तर हात जोडले. गाडीत मागं पालखी आहे असं तिला वाटलं असणार. मी स्टेअरिंगवर एक हात ठेवून (लोकशाही असल्यामुळं दोन ठेवले तरी फरक पडत नव्हता) अशा चेहऱ्यानं चाललो होतो, की वाघा मागं पडलंय आणि आता अमृतसरला चहा घ्यायचा.

गाडीतल्या शेगडीवर तांबडा, आणि खाली दगडांच्या चुलीवर पांढरा शिजला, कारण गाडीतल्या शेगडीला एकच तोंड होतं आणि मंडळाला दोन. जेवण झालं. उरलेला रस्सा मंडळ कधी टाकत नाही, तेव्हा दोन्ही पातेली झाकून पलंगावर ठेवली. तेवढ्यात आभाळ फुटलं.

परतताना मळ्याची शेवटची पाणंद राहिली होती. पाणंद म्हणजे दोन्हीकडं ऊस आणि मध्ये, कागदोपत्री, रस्ता. तीनशे मीटर. मी लिव्हर टाकला. फोर बाय फोर. मेव्हणा ओरडला, "आता बघा हिची मजा!" गाडीनं एक दीर्घ श्वास घेतला, चारही चाकं फिरवली, आणि आपल्या वजनानं सावकाश खाली बसली. म्हैस बसते ना, आधी पुढून आणि मग एका कुशीवर, अगदी तशी.

मागून 'गेला, गेला' असा आवाज आला. मला वाटलं माणूस गेला. रस्सा गेला होता. पलंगाच्या गादीला तांबडा, पडद्यांना पांढरा, आणि मंडळाच्या खजिनदाराच्या डोक्याला दोन्ही. तो नंतर म्हणाला, मटणातली हळद लागली म्हणून जखम झाली नाही.

पाऊस थांबेना. ट्रॅक्टरवाला म्हणाला, सकाळी येतो, आत्ता आलो तर माझाच ट्रॅक्टर काढायला दुसरा लागंल. मंडळी चिखल तुडवत, पातेली डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्याला लागली. वडाप मिळालं त्यांना. मालक छत्री घेऊन आला, गाडीकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बसलीया. उठंल सकाळी." सौ.ना त्यानं घरात बोलावलं. त्या गेल्याही. जाताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही झोपा की. चाकावरच्या घरात."

त्या रात्रीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगण्यासारखी झोपच झाली नाही. गाडी एका कुशीवर कललेली होती, त्यामुळं पलंगावर मी ज्या बाजूला झोपायचो तिथून घसरत मेव्हण्यावर जायचो. मेव्हणा झोपेत म्हणायचा, "मागं सरका की." छताची खिडकी गळत होती, तिच्याखाली पातेलं ठेवलं, तर पावसाच्या प्रत्येक थेंबाबरोबर रश्शाचा वास नव्यानं उठायचा. गादीतल्या तांबड्याला मुंग्या लागल्या. बारा वाजता उसात काहीतरी खसखसलं. मेव्हणा ताडकन उठला. "दाजी, गवा!" मी म्हटलं, गवा राधानगरी-दाजीपूरला, इथं कुठला? "मग बिबट्या!" दोघांनी मिळून दार लावायचा प्रयत्न केला, पण गाडी कलल्यामुळं दार चौकटीत बसेना. तेव्हा आम्ही दाराला आतून संडासाचं झाकण लावलं आणि त्याला पाठ टेकून आळीपाळीनं बसलो. आगोंदचा तो म्हातारा या वेळी कुठल्या तरी वाळवंटात चांदण्या बघत असेल. माझ्यासमोर पडदा होता, पांढऱ्या रश्शाचा.

पहाटे खसखस दारापाशी आली. मी डोळे मिटले. बाहेरून आवाज आला, "पाव्हणं, च्या पिणार का दूध?" मालकाची म्हैस रात्री सुटून उसात शिरली होती.

तर आत गेलो. सौ. चुलीजवळ बसलेल्या, छान झोप झालेल्या, मालकिणीशी अशा बोलत होत्या की दोघी एकाच माहेरच्या वाटाव्यात. माझ्यापुढं तांब्याएवढा पेला आला. धारोष्ण दूध. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी आयुष्यभर म्हशीखालचं फेसाळ दूध उभ्यानं प्यालोय, त्यामुळं या विषयात माझा थोडाफार अधिकार आहे. मी पहिला घोट घेतला आणि गप्प बसलो. त्या गाडीच्या जाहिरातीत लिहिलेल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे अस्सल, दमदार, एक नंबर, त्या पेल्यात होत्या.

ट्रॅक्टरनं आठ वाजता गाडी ओढून काढली. ओढताना तिचा मागचा बंपर पाणंदीतच राहिला. त्यावरचं 'नाद करायचा' माझ्या वाट्याला आलं. 'न्हाय' चिखलात गेलं.

इसार परत मागायची रीत नाही, हे मलाही ठाऊक. मालक म्हणाला, "इसार म्हंजे शब्द. शब्द कसा परत द्यायचा?" मेव्हणा भांडायला उठला. तेवढ्यात आतून दोघी बायका बाहेर आल्या. त्यांचं ठरलेलं होतं. टॉवेल नाही, बोटं नाहीत. म्हशीचं दूध ऐंशी रुपये लिटर. अकरा हजारांचं एकशे साडेसदतीस लिटर. मालकाचा पोरगा कोल्हापुरात कॉलेजला येतोच, रोज सकाळी एक लिटर आमच्या दारात. गाडी घ्यायची ठरली तर घेतलेल्या दुधाचे पैसे वर द्यायचे, नाही ठरली तर इसार फिटला.

मी म्हटलं, "पण मी अजून नाही म्हटलेलं नाही." कुणी लक्ष दिलं नाही.

कट्ट्यावर अजून विचारतात, "घेतली का?" मी सांगतो, विचार चाललाय. ते खोटं नाही. रोज सकाळी दूध तापत असताना मी विचार करतो, आणि साय आली की सोडून देतो. आई म्हणते, असलं दूध तिनं सौंदत्तीच्या वाटेवर प्यालं होतं, त्यानंतर आत्ताच. फ्रीजवर बालाजी परत आपल्या जागी बसलाय.

गाडी अजून त्याच मळ्यात आहे, कुणाला हवी असेल तर. नऊ लाख म्हणेल. टॉवेलाखाली चार बोटं दाबली तर तुम्ही फक्त मान हलवा, हात हलवू नका. मात्र पहाटेच्या दुधावर कुणी डोळा ठेवू नये. आज चौऱ्याण्णवावा लिटर झाला, आणि अजून साडेत्रेचाळीस आमचे यायचे आहेत.